तगाई ते हप्ता : पलूस भागात सरकारी पैसा कुणाच्या नावावर आला?

हप्ता पडला की गावात दोन दिवस एकच विषय असतो. कुणाला पडला, कुणाचा अडकला, कुणाचं केवायसी राहिलं, कुणाचं नाव यादीतनं उडालं. कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ज्याला गरज हाय त्याला मिळत न्हाई, आन् जो पुण्यात नोकरीला हाय त्याच्या खात्यावर बरोबर पडतंय."

या वाक्यात राग आहे, पण त्यामागं दीडशे वर्षांचा इतिहासही आहे. सरकारी मदत आपल्या भागात कशी आली, कोणत्या वाटेनं आली आणि कुणाच्या नावावर आली, ते आज जरा सविस्तर लिहितो. लांब आहे, पण वेळ काढून वाचा. शेवटी कामाच्या चार गोष्टीही आहेत.

आधी बैल, मग हिशोब

शेतकऱ्याला सरकारनं मदत करायची ही कल्पना इंग्रजांची नाही. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेलं पत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा मतलब असा, की गावोगाव फिरावं, कुणब्यांना गोळा करावं, ज्याच्याकडं कसायची ताकद आहे पण बैल किंवा दाणे नाहीत म्हणून जो अडलाय त्याला बैल आणि दाणे द्यावेत. वसूल फक्त मुद्दल करायचं, तेही त्याची ऐपत येईल तसं, हळूहळू.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मदत कुणाला द्यायची हे ठरवताना "कसणारा कोण" हे पाहिलं होतं. बैल नसलेला, पण नांगर धरायची तयारी असलेला माणूस. ही कसोटी पुढं हळूहळू मागं पडत गेली.

तगाई आणि सावकार

इंग्रजी अमदानीत आपला तासगाव भाग सातारा जिल्ह्यात होता. पलूस तालुका फार नंतरचा. कुंडल मात्र औंध संस्थानात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, ती आजची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर तिथं तयार होऊ लागला. म्हणजे ओढ्याच्या अलीकडं ब्रिटिश आणि पलीकडं संस्थान, अशी आपल्या भागाची स्थिती. कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, पण सावकार दोन्हीकडं.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे इथं शेतकरी उठले आणि सावकारांची खतपत्रं जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरले. सरकारनं चौकशी केली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनींनाही. कर्जाच्या दाव्यात कोर्टानं व्यवहाराच्या मुळाशी जावं, व्याज किती आणि मुद्दल किती ते तपासावं, ही त्यातली मुख्य गोष्ट.

पण सावकाराला आवर घातला तर शेतकऱ्याला पैसा देणार कोण? त्यावर तगाई आली. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा विहिरी, ताली, बांधबंदिस्ती यांसाठी, आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा बियाणं आणि जनावरांसाठी. कागदावर फार चांगली गोष्ट. व्याज सावकारापेक्षा कमी.

मग तगाईनं सावकाराला हटवलं का? नाही. कारणं आजच्या माणसालाही ओळखीची वाटतील. अर्ज करायचा, तलाठ्याचा दाखला, जमिनीचं तारण, मामलेदार कचेरीच्या फेऱ्या. पेरणीचा वापसा मात्र चार दिवसांचा. पैसा मंजूर होईस्तोवर वापसा गेलेला असायचा. वसुलीला तर शेतसाऱ्यासारखाच बडगा. सावकार व्याज जबर घ्यायचा, पण रात्री दार वाजवलं तरी पैसा द्यायचा.

शिवाय तगाईला तारण म्हणून जमीन लागायची. ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच तगाई. वाट्यानं कसणारा, सालगडी, बलुतेदार हे सगळे यादीच्या बाहेर. कसोटी बदलली ती इथं. "कसणारा कोण" याच्या जागी "नाव कुणाचं" आलं.

सोसायटी आली, पण किती जणांना पुरली?

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. गावच्या लोकांनी एकत्र येऊन एकमेकांच्या जामिनावर कर्ज घ्यायचं. कल्पना उत्तम, पण पहिली पन्नास वर्षं पसारा फार लहान राहिला.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली आला. १९५१-५२ मध्ये देशातल्या शेतकऱ्यानं घेतलेल्या कर्जात सरकारचा वाटा होता ३.३ टक्के आणि सहकारी संस्थांचा ३.१ टक्के. तगाई येऊन सत्तर वर्षं झाली, सहकार येऊन जवळपास पन्नास, तरी दोन्ही मिळून शंभरातले साडेसहा रुपयेसुद्धा भरत नव्हते. बाकीचा पैसा सावकार, व्यापारी, नातेवाईक यांच्याकडनं.

आपल्या भागात या दरम्यान वेगळंच घडत होतं. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही माणसं याच मातीतली. प्रतिसरकारनं गावात न्यायदान मंडळं चालवली, त्यात सावकारी आणि जमिनीच्या तंट्यांचे निवाडेही झाले. कचेरीत जे वर्षानुवर्षं अडायचं ते चावडीवर मिटायचं. पुढं याच माणसांनी सहकारात काम केलं. कुंडलच्या साखर कारखान्याला आज क्रांतिअग्रणी जी. डी. बापूंचंच नाव आहे.

पतपाहणीनंतर सरकारनं सहकारात भागभांडवल घातलं. विकास सोसायटी, जिल्हा बँक, साखर कारखाना अशी साखळी तयार झाली. हा पैसा शेतकऱ्याच्या हातात थेट आला नाही, संस्थेतनं आला. ऊस लावला की सोसायटीचं कर्ज, कारखान्याकडनं बिल, बिलातनं वसुली. ही व्यवस्था चालली, आणि आपला भाग तिच्यावर उभा राहिला हे मान्य केलंच पाहिजे. पण सोसायटीकडनं पीककर्ज काढायचं तर सातबारा हवाच. कसोटी तीच राहिली.

कूळ कायद्यानं जमीन दिली आणि एक दार बंद केलं

१९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कायद्यानं कूळ जमिनीचा मालक मानला गेला. अनेक घरांच्या दारिद्र्याचा शेवट या कायद्यानं केला. त्याचं मोल कमी करायचं कारण नाही.

पण त्याची एक सावली आजही आपल्या शिवारात आहे. "लिहून दिलं तर कूळ लागेल" ही भीती. त्यामुळं आजही जमीन खंडानं किंवा निम्म्या वाट्यानं द्यायची तर सगळा व्यवहार तोंडी. चहा पिऊन, शब्दावर. दोघांचा एकमेकांवर विश्वास असतो, पण सरकारच्या वहीत वाटेकऱ्याचं अस्तित्वच नसतं.

जमीन नसलेल्यांसाठी एक वाट विसापुरातनं निघाली

या सगळ्या इतिहासात एक अपवाद आपल्याच भागातला आहे, त्याचा अभिमान बाळगला पाहिजे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ साली हाताला काम देण्याचा प्रयोग केला. त्यातनं महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं या कामांवर जगली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाचा कायदा झाला तेव्हा त्यापुढं महाराष्ट्राचंच उदाहरण होतं.

इथं सातबारा मागितला नाही. काम करायची तयारी हीच पात्रता. १६७६ च्या पत्रातली कसोटी पुन्हा एकदा दिसली ती इथं. पुढं १९९० साली याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि महाराष्ट्रात फळबागांचं क्षेत्र झपाट्यानं वाढलं. अर्थात फळबागेला परत जमीन हवीच.

पोत्यातला पैसा आणि मोटारीतला पैसा

१९७७ हे साल आणखी दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवा.

पहिली खताची. त्या वर्षी मराठे समितीच्या शिफारशीवरनं खताची धारण किंमत पद्धत आली. कारखान्याला त्याचा खर्च अधिक ठराविक नफा सरकार भरून देणार आणि शेतकऱ्याला ठरलेल्या कमी दरात खत मिळणार. म्हणजे अनुदान आपल्या नावानं, पण जमा कंपनीच्या खात्यावर. १९९२ साली स्फुरद आणि पालाश नियंत्रणातनं मोकळे केले, युरिया तसाच ठेवला. २०१० साली पोषणद्रव्यावर आधारित अनुदान आलं, त्यातनंही युरिया बाहेर. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते आणि डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० ला.

परिणाम आपल्या रानात बघा. स्वस्त म्हणून युरिया, महाग म्हणून पालाश कमी. ऊस काळाभोर दिसतो, लोळतो, आणि मातीचा कर्ब खाली जातो. द्राक्षवाल्यांना तर वेगळाच अनुभव. ठिबकमधनं सोडायच्या विद्राव्य खतांना युरियासारखा आधार नाही, त्यामुळं बागेचा खताचा खर्च बहुतेक खिशातनंच.

दुसरी गोष्ट विजेची. महाराष्ट्रात शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली तीही १९७७ मध्येच. पाच एचपीची मोटार दिवसभर चालवा नाहीतर तासभर, बिल तेच. कृष्णाकाठाला उपसा योजना झाल्या. खोडशीच्या बंधाऱ्यातनं निघणारा कृष्णा कालवा तर १८६० च्या दशकातला. त्यात नदीवरच्या मोटारी, नंतर ताकारी योजना. पाणी आलं, ऊस आला, घरं पक्की झाली.

आणि त्याच पाण्यानं नदीकाठची काळी रानं क्षारपड, चोपण झाली. पलूस, वाळवा, मिरज भागात अशी किती रानं आहेत ते आपण रोज बघतो. आता त्याच रानात सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा, त्यालाही अनुदान मागायचं. एका अनुदानानं पाणी पाजलं, दुसऱ्या अनुदानानं ते काढायचं. यात शेतकरी मूर्ख नव्हता. ज्या वस्तूला किंमत नाही ती माणूस जपून वापरत नाही, इतकंच.

ताकारी आणि म्हैसाळसाठी ८१:१९ चं सूत्र आलं, वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनावर आणि १९ टक्के लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यावर. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. दोन्हींचा फायदा पाणी आणि मोटार असलेल्याला. कोरडवाहू माणसाला यातलं काही नाही.

ठिबकचं अनुदान याला उतारा म्हणून बघता येईल. महाराष्ट्रानं ते १९८०च्या दशकात सुरू केलं, २००६ पासून केंद्राचा वाटा आला. आता केंद्राचे ५५ आणि राज्याचे पूरक २५ मिळून अल्प, अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के. या एका अनुदानानं पाणी वाचवलं असं म्हणता येतं. पण आधी पैसे भरा, मग अनुदान येईल, ही अट छोट्या माणसाला जड जाते.

शरद जोशींचा सवाल

इथं दुसरी बाजू मांडणं भाग आहे, नाहीतर शहरातली माणसं म्हणतील, बघा, शेतकरीच कबूल करतोय की सगळं फुकट मिळतंय. शरद जोशी आयुष्यभर सांगत आले की भारतातल्या शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी. एका हातानं खत-विजेत थोडं द्यायचं, आणि दुसऱ्या हातानं निर्यातबंदी, लेव्ही, साठ्याची मर्यादा लावून भाव पाडून त्याच्या कितीतरी पट काढून घ्यायचं. कांदा, साखर यांच्या निर्यातीवर बंधनं आली की काय होतं ते आपण अजूनही बघतो. त्यामुळं अनुदान म्हणजे भीक नव्हे. हिशोब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

पैसा खात्यावर आला

फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम किसान सुरू झाली, वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंत, त्याच वर्षी सगळ्या भूधारक कुटुंबांना. २०२३ पासून राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी, तेवढेच ६,०००. दोन्ही मिळून १२,०००. वीस गुंठेवाल्यालाही तेच, दहा एकरवाल्यालाही तेच. मधला दलाल गेला, कचेरीचे हेलपाटे कमी झाले, ही मोठी गोष्ट. १८८४ च्या तगाईला जे जमलं नाही ते मोबाइलच्या मेसेजनं जमवलं.

आकडाही बघा. २०२२-२३ मध्ये देशाचं खत अनुदान सुमारे २.५ लाख कोटी होतं, आणि पीएम किसानचा खर्च सुमारे ६० हजार कोटी. आपण चर्चा हप्त्याची करतो, पण चौपट पैसा पोत्यातनं जातो.

आणि नाव कुणाचं? इथंही सातबाऱ्यावर असेल त्याचंच. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर हवी ही अट. वाटेकरी, खंडकरी पात्र नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. ब्रह्मनाळची बोट दुर्घटना आपण कुणीच विसरणार नाही. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, नदीकाठचं प्रत्येक गाव पाण्यात. सरकारनं पूरग्रस्तांचं एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ केलं, ज्यांनी कर्ज काढलं नव्हतं त्यांना नेहमीच्या तिप्पट भरपाई जाहीर केली. पाठोपाठ दिवाळीच्या अवकाळीनं द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा फळपिकाला हेक्टरी १८,००० जाहीर झाले.

आता समजा नदीकाठचं एक एकर रान निम्म्या वाट्यानं कसलं आहे. बियाणं निम्मं वाटेकऱ्याचं, कष्ट सगळे त्याचे, खुरपणीला त्याची बायको-पोरं. पुरात ऊस कुजला. पंचनामा होतो सातबाऱ्यावर. भरपाई जाते मालकाच्या खात्यावर. मालक भला असेल तर निम्मी देतो. नसेल तर? वाटेकऱ्याकडं दाखवायला एक चिठोरंही नसतं. कर्जमाफीही त्याला नाही, कारण त्याचं कर्ज सोसायटीचं नसतंच, ते खासगी असतं.

अमेरिकेत हेच झालं

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. १९३३ साली मंदीत कापसाचे भाव पडले म्हणून अमेरिकेनं शेतकऱ्यांना पीक कमी लावण्यासाठी पैसे द्यायचा कायदा केला. दक्षिणेकडं कापूस पिकवत होते वाटेकरी, आणि पैसे गेले जमीनमालकांना. मालकांनी पैसे घेतले, रानं पडीक ठेवली आणि हजारो वाटेकऱ्यांना हाकलून दिलं. १९३४ साली आर्कान्सासमध्ये काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना काढली ती याच कारणानं.

आपल्या देशातही दोन वाटा दिसल्या. तेलंगणाच्या २०१८ च्या रयतु बंधूत एकरी पैसे मिळाले, पण मालकालाच. ओडिशाच्या कालिया योजनेत त्याच वर्षी वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबांनाही जागा ठेवली. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं.

मग आपण काय करायचं?

धोरण बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातातल्या गोष्टी :

१. वारस नोंदी करून घ्या. आजोबांच्या नावावर सातबारा आणि कसणारे चार नातू, अशी घरं गावोगाव आहेत. फार्मर आयडी नावावरच निघतो, आणि आता बहुतेक योजनांना तो लागतो.

२. घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लावा. लक्ष्मी मुक्ती योजनेत पतीच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. रानात निम्म्याहून जास्त काम तिचं, आणि कागदावर ती नाही, हे बरं नव्हे.

३. ई-पीक पाहणी वेळेत करा. जे पीक रानात आहे तेच नोंदीत हवं. पंचनाम्याला आणि विम्याला तिथूनच आधार मिळतो.

४. रान वाट्यानं दिलं-घेतलं असेल तर निदान नुकसानभरपाई कशी वाटायची हे चार माणसांसमोर आधीच ठरवा. पीकविम्यात नोंदणीकृत भाडेकरारावर खंडकऱ्यालाही सहभागी होता येतं. "कूळ लागेल" ही भीती मालकाला आहे, ती खोटी म्हणून उडवून चालणार नाही. म्हणूनच मालकाची मालकी शाबूत ठेवून कसणाऱ्याची फक्त हंगामापुरती नोंद होईल, अशी सोपी पद्धत सरकारनं आणावी ही मागणी ग्रामसभेत ठरावानं करा.

पीक कोणतं आहे ते गटनिहाय फोटोसकट नोंदवायची सोय आज सरकारकडं आहे. त्यात कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना वाढवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पुढचा महापूर किंवा पुढची अवकाळी यायच्या आत तो रकाना आला पाहिजे.

तुमच्या गावात वाट्याच्या रानाची २०१९ ची भरपाई कशी वाटली गेली? कुणाचं नाव न घेता, फक्त पद्धत खाली लिहा. घरात तगाईच्या जुन्या पावत्या, सोसायटीची जुनी पासबुकं असतील तर जपून ठेवा, रद्दीत घालू नका. आपल्या गावाचा इतिहास त्यातच आहे.